फिका चहा, रिकामी बादली

आमच्या गावात रिकाम्या हातानं चालणाऱ्या माणसावर कुणाचा विश्वास नव्हता. हातात खुरपं पाहिजे, बैलाचा कासरा पाहिजे, डोक्यावर कडब्याची पेंढी पाहिजे, अगदीच काही नाही तर पहाटेच्या वेळचा तांब्या तरी पाहिजे. मोकळे हात हलवत, इकडंतिकडं बघत, उगाच चालत निघालेला माणूस एकतर जमिनीचा दलाल असायचा, नाहीतर मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांतला एखादा, पोहे यायला उशीर लागतोय म्हणून बाहेर पडलेला. अशा गावात एका सकाळी माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि धुतलेलं धोतर नेसून, दोन्ही हात मोकळे सोडून मारुतीच्या पारापासून वेशीकडं चालत निघाले. वेशीत पोचेपर्यंत अर्ध्या गावानं त्यांना ग्रामपंचायतीत निवडूनही दिलं होतं.

खरं म्हणजे आप्पांना राजकारणाचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. ते चालत होते बीडच्या डॉक्टरांमुळं. काही दिवसांपासून त्यांच्या तळपायांना मुंग्या येत होत्या, मग मुंग्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर तळपायही गेल्यासारखे झाले. चप्पल पायात आहे की दारातच राहिली, हे त्यांना खाली बघून ठरवावं लागायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर निघाली. आमच्या घराला ही पाहुणी नवी नव्हती. आप्पांचे थोरले भाऊ, आबा, ओसरीवर बाजेवर बसून असायचे. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला होता, तो याच साखरेनं. हातात काठी असायची, ती चालण्यासाठी नव्हे. बाजेच्या माच्यावर काठीचे टोले पडले की चहा, असा घरचा कायदा होता. चहात साखर कमी पडली तर टोले पुन्हा. माय एकदा म्हणाली, "आबा, तुमाला साखर चालत न्हाई." आबा शांतपणे म्हणाले, "पाय दिला की तिला. आता कावून सोडू?"

ही बाज आप्पांना रोज दिसायची. घरात दुसरी बाज टाकायला जागा होती, आणि आप्पा त्या जागेकडं बघायचे तेव्हा त्यांचा चेहरा उतरायचा, हे मी पाहिलंय. त्यामुळं डॉक्टरांनी सांगितलेल्या साध्या चार गोष्टी त्यांनी तिथल्या तिथं, हात जोडून कबूल केल्या. गोळी वेळेवर घ्यायची आणि गोड सोडायचं. संध्याकाळी दिवस मावळायला जेवायचं. सकाळी चालायचं. आणि रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या मधलं पाणी टिपून, तळवे नीट बघायचे. "तुम्हाला काही टोचलं तरी कळणार नाही," डॉक्टर म्हणाले, "म्हणून डोळ्यांनी बघायचं." आप्पा बाहेर आले, एसटी स्टँडवर त्यांनी शेवटची म्हणून जिलेबी खाल्ली, आणि गाडीला उशीर होता म्हणून त्यानंतरची शेवटचीही खाल्ली.

घरी आल्यावर आरोग्याचं राज्य सुरू झालं. म्हणजे काय, तर आप्पांनी साखरेचा डबा स्वतः उचलून फळीवर ठेवला आणि सीताफळांची पाटी जवळ ओढली. आमच्या डोंगराकडची सीताफळं, डोळे उघडलेली, हात लागला की फुटणारी. माय म्हणाली, "अहो, ती गोड हायेत." आप्पा बिया तोंडातल्या तोंडात घोळवत म्हणाले, "डॉक्टर म्हन्ले साखर बंद. ही कारखान्यात झालीय का? झाडाला लागलीय." गुळाच्या बाबतीतही त्यांचं मत असंच उदार होतं, गूळ औषधी असतो, हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं होतं, आणि जे फायद्याचं ऐकलं ते ते विसरत नसत. दिवस मावळायला जेवायची गोष्ट त्यांनी फार मनावर घेतली. मायच्या भाकरी थापण्याचा आवाज चुलीपासून ओसरीवर गेला की ते हजर. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. जेवायचे, हात धुवायचे, आणि मग रात्री आम्ही बसलो की आमच्याबरोबर पुन्हा बसायचे, कारण पोरीला एकटीला जेवायला करमत नाही. ती पोरगी मी. मला उत्तम करमायचं.

त्यात बातमी लागलेले पाहुणे यायला लागले. चौसाळ्याची आत्या कारल्याचा रस घेऊन आली, कुणी जांभळाच्या बियांची पूड आणली, कुणी भिजवलेल्या मेथ्या. एकानं सांगितलं, रोज अनवाणी दव तुडवा. प्रत्येकाचा कुणीतरी मेव्हणा याच उपायानं खडखडीत बरा झालेला होता. तो मेव्हणा आम्हाला कधी भेटला नाही. आजारपण विचारायला आलेल्या या सगळ्यांना माय गोड चहा करायची आणि सोबत म्हणून आप्पाही अर्धा कप घ्यायचे. आज माझ्या फोनवर नातेवाइकांचा गट आहे, त्यावर रोज सकाळी कुणीतरी कोमट पाण्याचे फायदे पाठवतं. मला आत्याची आठवण येते. निदान ती रस घेऊन स्वतः यायची आणि चहा पिऊन जायची.

पाय बघणं रोज उद्यावर जायचं. राहिलं चालणं. ते आप्पांना पहिल्या दिवसापासून आवडलं. रस्त्यावर जायचं तर माणसानं नीट जावं, म्हणून पांढरे कपडे. कुणी दिसलं तर रामराम, म्हणून हात जोडलेले. आता तुम्हीच सांगा, सकाळच्या वेळी, पांढऱ्या कपड्यात, हात जोडून, दारोदार थांबत जाणारा माणूस आमच्याकडं काय असतो? त्यातून पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. हायवेवर हमीदचाचांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. आप्पा दुसऱ्या दिवशी तिथपर्यंत गेले तर चाचा जीपखालून सरकत बाहेर आले आणि हात फडक्याला पुसत म्हणाले, "क्या बे, उभा ऱ्हायलास आन मला सांगितलं न्हाई?"

"कशाला उभा? चालायलोय."

"वोईच. चलते चलते उभे रहते सब."

"आरं, साखर वाढलीय. डॉक्टरनं चालायला सांगितलंय."

चाचांनी डोळा मारला. "बरोबर हाय. असंच सांग लोकांला. मतं बी मिळतेत आन दया बी."

आप्पा रागानं घरी आले. पण आमच्या गावात नकार हा होकाराचाच पहिला भाग समजतात. जो 'मी उभा नाही' म्हणतो तोच उभा असतो. जो नसतो त्याला कुणी विचारत नाही. तिसऱ्या दिवसापासून दारोदारी हाका सुरू झाल्या. "आप्पा, या की. असं दारावरून जायचं का?" आणि दारावरून आत बोलावलेल्या माणसाला चहा. आमच्याकडचा चहा म्हणजे तोंडाला चिकटणारा. साखर जितकी जास्त तितका पाहुण्याचा मान. फिका चहा पुढं ठेवणं म्हणजे 'उठा आता' असं तोंडावर सांगणं. नको म्हणणंही तेवढंच वाईट, कारण एका घरी घेतला आणि दुसऱ्या घरी नाकारला तर त्या दोन घरांचं पुढच्या पिढीपर्यंत बोलणं बंद. आप्पा आरोग्यासाठी चालायला निघत आणि वाटेतल्या प्रत्येक घरी आरोग्य पिऊन परत येत.

आणि मग जे व्हायचं ते झालं. आयुष्यभर ज्याला कुणी खतांच्या भावाशिवाय काही विचारलं नव्हतं त्या माणसाला लोक रस्ता, नळ, शाळेचं छप्पर यावर मत विचारायला लागले. आप्पा आरशासमोर जास्त वेळ थांबू लागले. जेवताना 'विकास' हा शब्द यायला लागला. एका दुपारी त्यांनी मायला सहज सांगितलं, "फारम भरावं म्हन्तो." मायनं भाकरी उलटली. "साखर बी उभी ऱ्हायलीय तुमच्यासंगं," ती म्हणाली, "बघा कोण निवडून येतंय."

तो दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण मी फरशी नुकतीच पुसली होती आणि त्याचा मला अभिमान होता. आप्पा गावात फेरी मारून आले, मोठ्यानं बोलतच आत आले. खालच्या आळीची सगळी घरं आपल्याकडं आहेत, असं ते सांगत होते. मी बघितलं तर दारापासून त्यांच्यापर्यंत फरशीवर लाल ठसे. एकाच पायाचे, ओळीनं, लक्ष्मीच्या पावलांसारखे आत आलेले. मी ओरडले नाही. मी फक्त मायला हाक मारली. मायनं त्यांना खाली बसवलं आणि पाय उचलून बघितला. बाभळीचा काटा टाचेच्या पुढं तळव्यात, चपलेच्या तळातून थेट आत गेलेला आणि आत मोडलेला. तेवढ्या पायावर त्यांनी सबंध गाव हिंडलं होतं, पारावर उभं राहून हसले होते, चहा प्यायले होते.

"दुखत न्हाई?" मायनं विचारलं.

आप्पांनी वाकून पाय बघितला. दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघितला. "न्हाई," ते म्हणाले. ओसरीवरून आबांची काठी वाजायची थांबली होती. आबा बाजेवरून मान लांब करून फरशीकडं बघत होते. "माझं बी असंच सुरू झालतं," आबा म्हणाले. त्या घरात साखरेवर आबा गंभीरपणे बोलले ते तेवढंच.

बीडला डॉक्टरांनी काटा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली आणि आप्पांशी न बोलता मायशी बोलले. साखर अशीच राहिली तर जखम भरणार नाही. जखम भरली नाही तर पाय ठेवता येणार नाही. पट्टी सुटेपर्यंत पायावर भार द्यायचा नाही. आप्पांनी पुन्हा सगळं कबूल केलं. या वेळी जिलेबीही खाल्ली नाही. मला वाटलं, संपलं राजकारण.

पण फॉर्म भरून झाला होता आणि उमेदवार घरी बसला तर हरला, असं चाचांचं म्हणणं. चाचांच्या दुकानात एक जीप होती. दुरुस्तीला आली होती आणि तिचा मालक न्यायला आलाच नव्हता. त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर आप्पा, पायाखाली उशी, उशीवर पांढरी पट्टी, अशी मिरवणूक निघू लागली. मला सोबत पाठवायचे, उशी सरळ करायला. म्हणजे बघा डॉक्टरांच्या चार गोष्टींचं काय झालं. चालणं, जे ते मन लावून करत होते, ते बंद झालं. गोड चहा, जो सोडायचा होता, तो चालू राहिला. उलट आता जखमी उमेदवार म्हणून बायका त्यात साखर चढवून घालू लागल्या. पट्टी बदलताना जखमेच्या कडा तशाच ओल्या. माय ती पट्टी बघायची आणि मग ओसरीतल्या त्या रिकाम्या जागेकडं बघायची.

मायनं दोन गोष्टी केल्या. पहिली सगळ्यांसमोर. रोज दिवस मावळायच्या आधी ती आप्पांना दारातल्या ओट्यावर बसवायची, कारण उजेड तिथं होता. चांगला पाय धुवायची, मांडीवर घ्यायची, बोटांच्या मधलं पाणी पदरानं टिपायची, डोळ्याला चष्मा लावून तळवा इंच इंच बघायची. पट्टीच्या पायाचं बाकीचं उघडं तेवढं बघायची. हे करताना ती सारखी बोलायची, पण हळू. रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसायचं ते असं, की भर रस्त्यावर नवऱ्याचे पाय मांडीवर घेऊन बसलेली बाई. गाव गहिवरलं. सासवा सुनांना आमच्या ओट्याकडं बोट करून दाखवू लागल्या. एकीनं तर लांबूनच कुंकवाला हात लावला. मी शेजारी बसलेली असायचे म्हणून मला मायचे शब्द ऐकू यायचे. "सरपंच व्हायचंय. पायात काटा हाय का बाभळीचं झाड हाय ते कळत न्हाई, आन गावाचा विकास करायलेत. हलू नगा." आप्पा हलायचे नाहीत.

दुसरी गोष्ट तिनं कुणालाही न सांगता केली. आप्पा जीपमधून पुढच्या दारानं जायचे. माय दुपारी, पुरुष शेतात किंवा पारावर असताना, परसदारानं जायची. चहा मागवतात पुरुष, पण साखर घालते कोण, हे तिला पक्कं माहीत होतं. प्रत्येक घरी तिनं एकच गोष्ट सांगितली. उद्या आमचे येतील, चहा द्या, मानानं द्या, कपबशी चांगली काढा. साखर घालू नका, आणि हे घरधन्याला सांगू नका. जिच्याकडून साखर पडेल तिच्या घरी मी हळदी-कुंकवाला येणार नाही. बहुतेकींनी ऐकलं. हमीदचाचांच्या घरी चाची मात्र हटून बसल्या. मी तेव्हा मायबरोबर होते.

"ऐसा कैसा भाबी," चाची म्हणाल्या, "आमच्या घरचा चहा फिका? लोगां क्या बोलेंगे?"

"उद्या माणूस एका पायावर तुमच्या दारात आला, तर काय बोलतेल?" मायनं विचारलं.

चाचींनी साखरेची बरणी उचलून कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं.

पुढची फेरी मी जीपच्या मागच्या सीटवरून पाहिली, आणि तिच्यासाठी मी आजही कुठलंही नाटक सोडून देईन. पहिल्या घरी आप्पांनी घोट घेतला, कप खाली धरून बघितला, पुन्हा घेतला. दुसऱ्या घरी घोट घेतला आणि घरमालकाकडं बघितलं. मालक हसून म्हणाला, "घ्या की आप्पा, गार व्हायलाय." तिसऱ्या घरी घोट घ्यायच्या आधीच वास घेतला. एका गल्लीत त्यांचा आवाज बारीक झाला, दुसरीत विकास थांबला. जीपमध्ये बसताना ते म्हणाले, "हमीद, खालच्या आळीचं काय खरं न्हाई."

"कावून?"

"कळतं माणसाला."

शेवटचं घर हमीदचाचांचं ठेवलं होतं, मन हलकं करायला. तिथला चहा सगळ्या गावात गोड. त्यात वेलदोडा आणि वर दुधाची साय. चाचींनी चांगल्या कपातून पाठवला. आप्पांनी डोळे मिटून घोट घेतला आणि डोळे मिटलेलेच राहिले. चाचांनीही आपला कप तोंडाला लावला, तोंड वाकडं केलं आणि आतल्या दाराकडं बघितलं. आतून चाची जोरात खोकल्या. हमीदचाचा गाड्यांचे आवाज ओळखून पोट भरणारा माणूस. तो खोकला त्यांनी ओळखला. त्यांनी कप खाली ठेवला आणि अत्यंत दुःखी चेहऱ्यानं म्हणाले, "जमाना खराब हो गया, आप्पा."

त्या संध्याकाळी ओट्यावर पाय धुवून घेताना आप्पा मला म्हणाले, "सुमे, गाव बदललं बघ. समदे वरून गोड बोलतेत. हमीदच्या घरीबी फिका." माय बोटांच्या मधलं पाणी टिपत होती. तिनं मान वर केली नाही. फॉर्म मागं घ्यायची मुदत अजून होती. दुसऱ्या दिवशी आप्पा गेले आणि फॉर्म मागं घेऊन आले. सबंध गाव चकित झालं, कारण सबंध गाव त्यांना मत देणार होतं.

जखम हळूहळू भरली. जे निवडून आले त्यांना गावानं सत्काराचे पेढे आणि गोड चहा इतका पाजला, की पुढं तेही त्याच डॉक्टरांच्या दारात दिसले. मायनं त्यांच्या घरी जांभळाच्या बियांची पूड पाठवली, पाहुण्यांची राहिलेली. मी तिला एकदा विचारलं, आप्पांना खरं कावून सांगत नाहीस? त्यांना वाटतं, गावानं दगा दिला. ती म्हणाली, "वाटू दे. मतं गेली, पाय ऱ्हायले."

पट्टी सुटल्यावर चालणं पुन्हा सुरू करायचं होतं, आणि पुन्हा पांढरे कपडे, पुन्हा हाका नको होत्या. मायनं मळका सदरा पुढं केला, बंद बूट घालायला लावले आणि हातात एक रिकामी बादली दिली. बस. हातात बादली असलेल्या माणसाला आमच्या गावात कुणी काही विचारत नाही. तो कामाला चाललेला असतो. त्यानंतर सगळं आयुष्य आप्पा रोज सकाळी रिकामी बादली घेऊन मळ्याच्या वाटेनं जायचे आणि रिकामी बादली घेऊन परत यायचे. बादलीची कडी वाजायची, त्यावरून आम्हाला कळायचं, कुठवर आलेत. दरम्यान घरचा चहाही फिका झाला होता, पण बाहेर एवढा अपमान पचवलेल्या माणसाला घरचा फिका चहा प्रेमाचा वाटायला लागला. सीताफळ मात्र माय स्वतः फोडून द्यायची; अर्धं, जास्त नाही. माझ्या हातात सध्या एक घड्याळ आहे, ते मनगटाला चिमटा काढून मला उठायला सांगतं, आणि माझे यजमान सोफ्याभोवती फेऱ्या मारून त्याचं समाधान करतात. मी त्यांना बादली देऊन बघितली. त्यांना अर्थ कळला नाही.

आप्पा म्हातारे होऊन गेले, झोपेत, दिवस मावळायला जेवून. गाव लोटलं. मी शहरातून पोचले तेव्हा त्यांना अंघोळ घालून अंगणात ठेवलेलं होतं. हमीदचाचा काठी टेकत आले होते, बाजूला उभे होते. बायका मायला धरून बाहेर घेऊन आल्या. तिनं सगळ्यांचे हात सोडवले, डोक्याकडं न जाता सरळ पायांकडं गेली, खाली बसली. पदराच्या गाठीतून चष्मा काढून डोळ्याला लावला. एक तळवा बघितला, मग दुसरा. मागं बायकांत हुंदका फुटला. कुणीतरी म्हणालं, "बघा, शेवटपर्यंत पाय सोडले न्हाईत माउलीनं."

मी तिच्या शेजारी बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. पदराचं टोक बोटांच्या मधून फिरवत, हळू, पण त्याच जुन्या रागात ती म्हणत होती, "अंघोळ घातली आन पुसलं न्हाई कुणी. ओलंच ठिवलंय."